बावीसशेची पेन्शन आणि आमची हिशोबाची वही

यांची पेन्शन २०१३ साली सुरू झाली तेव्हा बावीसशे रुपये होती. आजही बावीसशेच आहे. वडोदऱ्यातल्या मकरपुरा औद्योगिक वसाहतीतल्या एका इंजिनिअरिंग कंपनीत यांची सगळी नोकरी झाली, शेवटची वर्षं सुपरवायझर म्हणून. पण ईपीएस-९५ या पीएफ कचेरीकडून चालणाऱ्या कामगारांच्या पेन्शन योजनेत पेन्शन काढताना खरा पगार धरत नाहीत, मर्यादा धरतात. तेव्हा ती महिना ६,५०० रुपये होती. सप्टेंबर २०१४ पासून ती १५,००० झाली, पण हे त्याआधीच निवृत्त झाले होते. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेल्या माझ्या दिरांची पेन्शन महागाई निर्देशांकाप्रमाणे वर्षातून दोनदा वाढते. कंपनीवाल्यांच्या पेन्शनला निर्देशांक लागूच नाही. पहिल्या महिन्याला जी आली, तीच शेवटपर्यंत.

बाकी सगळी भिस्त पीएफ, ग्रॅच्युइटी आणि थोडीफार बचत मिळून झालेल्या तीस लाखांवर. २०१३ मध्ये बँकेत ज्येष्ठ नागरिकांना नऊ टक्क्यांच्या आसपास व्याज मिळायचं. महिन्याला साडेबावीस हजार सुटायचे आणि वडोदऱ्यात स्वतःच्या घरात दोन माणसांचं त्यात व्यवस्थित भागायचं. २०२० मध्ये मुदत संपली तेव्हा नवा दर सहाच्या घरात होता. रिझर्व्ह बँकेने त्या मे महिन्यात रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या दराने पैसे देते तो दर, चार टक्क्यांवर आणला होता. कर्ज घेणाऱ्यांना त्याने खूप आधार झाला असेल, पण आमच्या हातात साडेबावीसचे पंधरा हजार आले. भाव वाढतात तेव्हा निदान चारचौघांत चर्चा होते. ठेवीवरचं व्याज कमी झालं म्हणून कोणी मोर्चा काढत नाही, आणि म्हातारा-म्हातारीचं घर खरं तिथेच खचतं.

त्या वर्षीच मी ठरवलं की अंदाजाने काटकसर करायची नाही. आधी पैसा नेमका कुठे जास्त जातोय ते काढायचं.

लग्न होऊन आले तेव्हापासून मी हिशोबाची वही ठेवते. सासूबाईंची सवय होती, ती माझ्याकडे आली. माळ्यावरून २०१३ पासूनच्या वह्या काढल्या आणि खर्चाची नवी फोड करायला बसले. किराणा, भाजी-दूध, वीज-गॅस, औषधं आणि डॉक्टर, विमा, घरकाम आणि दुरुस्ती, येणं-जाणं, सणवार. दुपारी जेवणं आटोपली की मी आकडे वाचायचे आणि हे लिहून घ्यायचे. यांचा हात हिशोबाला पक्का. बेरीज जुळली नाही तर उठायचे नाहीत.

वह्यांमधून जे निघालं त्याने आम्ही दोघंही चकित झालो. भाव वाढले की सगळीकडे आरडाओरड होते ती डाळ, तेल, कांदा, टोमॅटोची. पण त्यांचे आकडे वर जाऊन पुन्हा खाली आलेले दिसले. २०१५ च्या दिवाळीच्या सुमारास तूरडाळ दोनशेला टेकली होती, नंतर ऐंशीच्याही खाली आली, मग पुन्हा चढली. पुढे २०२३ च्या जुलैत टोमॅटो दीडशेच्या वर गेले तेव्हाही तेच झालं. दीड-दोन महिन्यांत लारीवाला वीस-पंचवीसला देऊ लागला. जे चढले आणि कधीच उतरले नाहीत, ते आकडे वेगळ्याच रकान्यात होते. आमच्या डॉक्टरांची फी दीडशेची पाचशे झाली. विम्याचा हप्ता दुपटीपेक्षा जास्त झाला. प्लंबर दाराशी नुसता आला तरी तीनशे. आणि औषधं, ती तर भावानेही वाढली आणि संख्येनेही.

सरकारी किरकोळ महागाई निर्देशांकात, २०१२ पायाभूत वर्ष असलेल्या मालिकेत, आरोग्यावरच्या खर्चाचा वाटा ५.८९ टक्के धरलेला होता आणि खाण्यापिण्याचा ४५.८६. आमच्या वहीत औषधं, डॉक्टर आणि विमा मिळून पाव हिस्सा भरला. म्हणजे बातम्यांत महागाई चार टक्के सांगतात तेव्हा ती सरासरी घराची असते. सत्तरीच्या माणसाच्या घराचा आकडा निराळा असतो, आणि तो वही उघडल्याशिवाय कळत नाही.

मग सुरुवात औषधांपासूनच केली. यांना रक्तदाब आणि साखर, शिवाय कोलेस्टेरॉलची एक गोळी. मला थायरॉइड आणि रक्तदाब. औषधांच्या किमतींवर सरकारचं नियंत्रण आहे हे खरं. जी औषधं अत्यावश्यक यादीत आहेत त्यांची किंमत ठोक महागाईला जोडलेली असते. त्यामुळे आदल्या वर्षीची ठोक महागाई जास्त असेल तर यादीतल्या गोळ्यांनाही तेवढीच वाढ मिळते. एप्रिल २०२२ मध्ये ती १०.७७ टक्के होती, एप्रिल २०२३ मध्ये १२.१२ टक्के. यादीबाहेरच्या औषधांना कंपनी वर्षाला दहा टक्क्यांपर्यंत वाढवू शकते. दोन-तीन वर्षं अशी गेली की महिन्याचं बिल कुठच्या कुठे जातं.

एका दुपारी मी आमच्या सगळ्या पट्ट्या जेवणाच्या टेबलावर मांडल्या, यांचं भिंग घेतलं आणि मागच्या बाजूची बारीक अक्षरं वाचून कागदावर उतरवली. टेल्मिसार्टन ४०. मेटफॉर्मिन ५००, पुढे एसआर. ग्लिमेपिराइड १. अटोर्वास्टॅटिन १०. इतकी वर्षं आम्ही गोळ्या ओळखत होतो त्या ‘ती गुलाबी’, ‘ती लांबट पांढरी’ अशा. कागद घेऊन सरकारी योजनेतल्या स्वस्त औषधांच्या दुकानात, जनऔषधी केंद्रात गेले. रक्तदाबाच्या ज्या गोळ्यांच्या पट्टीला आम्ही शंभराच्या वर देत होतो, त्याच घटकाच्या, त्याच ताकदीच्या दहा गोळ्या तिथे पंधरा रुपयांच्या आत होत्या.

पण घेतल्या नाहीत. आधी डॉक्टरांकडे गेले. ते म्हणाले, “काकी, बदला, माझी हरकत नाही. पण सगळ्या एकदम बदलू नका. एक बदला, महिनाभर रोज प्रेशर मोजा, आकडे लिहून आणा. आणि एसआर लिहिलंय तिथे एसआरच घ्यायची, साधी नाही.” एसआर म्हणजे गोळी पोटात हळूहळू विरघळते. साधी घेतली तर घटक तोच असूनही परिणाम वेगळा. हे कुणी सांगितलं नसतं तर स्वस्त दिसली म्हणून आणली असती. आम्ही आधी रक्तदाबाची गोळी बदलली, मग कोलेस्टेरॉलची, शेवटी साखरेची. आकडे स्थिर राहिले. माझी थायरॉइडची गोळी मात्र डॉक्टरांनी बदलू दिली नाही. त्या औषधात कंपनी बदलली की मात्रा पुन्हा जुळवून घ्यावी लागते, आणि तशी ती फार महाग नाहीच. केंद्रात कधी एखादी गोळी संपलेली असते, म्हणून दोन आठवडे शिल्लक असतानाच जाते. औषधांचं बिल निम्म्याहून खाली आलं. दुसऱ्या कुठल्याही उपायाने आम्हाला इतका फरक पडला नाही, म्हणून एवढं सविस्तर लिहिलं.

विम्याचं प्रकरण अवघड होतं. दोघांची मिळून पाच लाखांची पॉलिसी, कंपनीचं नाव घेत नाही. दरवर्षी नूतनीकरणाची नोटीस आली की आकडा पाहून छातीत धस्स व्हायचं. एका वर्षी तर वाढ पंचवीस टक्क्यांच्या वर होती आणि त्याचं कारणही नोटिशीत धड लिहिलेलं नव्हतं. मुलगा पुण्याहून फोनवर म्हणाला, “आई, सोडून द्या, मी आहे ना.” त्याच्या बोलण्यात माया होती, पण त्याच्यावर घराचं कर्ज आहे, दोन मुलांची शिक्षणं आहेत. त्याच्या भरवशावर पॉलिसी सोडणं माझ्या मनाला पटेना. पासष्टीनंतर सुटलेली पॉलिसी पुन्हा धरायची तर जुन्या आजारांसाठी परत थांबायचं आणि हप्ता त्या वयाचा भरायचा.

थोडा आधार २०२५ मध्ये मिळाला. विमा नियामकाने जानेवारीअखेर आदेश काढला की ज्येष्ठांच्या आरोग्य पॉलिसीचा हप्ता वर्षाला दहा टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायचा असेल तर कंपनीला आधी नियामकाशी विचारविनिमय करावा लागेल. आणि २२ सप्टेंबरपासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा अठरा टक्के जीएसटी गेला. आदल्या वर्षी आम्ही मूळ हप्ता २६,००० आणि कर ४,६८०, असे ३०,६८० भरले होते. नोव्हेंबरच्या नूतनीकरणाला हप्ता पूर्ण दहा टक्के वाढून २८,६०० झाला, पण कर शून्य. कित्येक वर्षांत पहिल्यांदा आदल्या वर्षीपेक्षा कमी रक्कम भरली.

हे सत्तरीचे झाल्यावर आयुष्मानचं वय वंदना कार्डही काढलं. ऑक्टोबर २०२४ च्या अखेरीस सत्तरीपुढच्या सगळ्यांसाठी ते सुरू झालं. उत्पन्नाची अट नाही, आधार कार्डावर होतं, वर्षाला पाच लाखांपर्यंत रुग्णालयाचा खर्च. खाजगी पॉलिसी असली तरी काढता येतं. मात्र दाखल व्हावं लागतं. रोजच्या गोळ्या, तपासण्या, डॉक्टरांची फी त्यात येत नाही, आणि रुग्णालय योजनेतलं असावं लागतं. आमच्या भागातली कुठली रुग्णालयं त्यात आहेत याची यादी मी फ्रिजवर लावून ठेवली आहे. आजारपण आल्यावर शोधत बसायची ती गोष्ट नव्हे.

आता ठेवींबद्दल. २०२० च्या जुलैत बँकेतून काढून पंधरा लाख पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत घातले होते, ७.४ टक्क्यांनी. तेव्हा मर्यादाच पंधरा लाखांची होती. नऊ लाख मासिक उत्पन्न योजनेत दोघांच्या नावे, ६.६ टक्क्यांनी. उरलेले सहा लाख बँकेत, हाताशी. एप्रिल २०२३ मध्ये ज्येष्ठांच्या योजनेचा दर ८.२ झाला, पण आमचं खातं जुन्याच दराला बांधलेलं. खातं उघडताना जो दर असतो तो पाच वर्षं कायम राहतो. दर पडतात तेव्हा ते चांगलं, चढतात तेव्हा चुटपुट लागते.

यांच्या कंपनीतले एक जुने सहकारी कमाटीबागेत सकाळी भेटतात. ते म्हणाले, “बंद करून नवं का नाही उघडत?” आम्ही हिशोब मांडला. दोन वर्षांनंतर मुदतीआधी खातं बंद केलं तर मुद्दलातून एक टक्का कापतात, म्हणजे पंधरा हजार. नव्या दराने वर्षाला बारा हजार जास्त मिळणार. जुन्या खात्याची सव्वादोन वर्षं उरलेली, म्हणजे सत्तावीस हजार. पंधरा वजा जाता बारा हजारांचा फायदा. खरा फायदा त्याहून मोठा होता, कारण ८.२ चा दर २०२८ च्या एप्रिलपर्यंत पक्का होणार होता. पुढे दर कुठे जातील कोण सांगणार? २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने रेपो ६.५ वरून ५.२५ पर्यंत उतरवला आणि बँकांचे ठेवींचे दर खाली आले, तेव्हा त्या निर्णयाचं मोल आणखी कळलं.

पोस्टातल्या बेन आधी साशंक होत्या. “काका, पंधरा हजार कटशे, खबर छे ने?” असं पुन्हापुन्हा विचारत होत्या. यांनी खिशातून हिशोबाचा कागद काढून त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी शांतपणे वाचला आणि फॉर्म दिला. कापलेले पंधरा हजार बँकेतून काढून भर घातली आणि पुन्हा पूर्ण पंधरा लाखांचं खातं उघडलं. तिमाही व्याज २७,७५० चं ३०,७५० झालं. मासिक योजना २०२५ च्या जुलैत मुदत पूर्ण करून ७.४ टक्क्यांनी पुन्हा टाकली, तिचे ४,९५० चे ५,५५० झाले. पेन्शन धरून सरासरी महिना अठरा हजार. व्याज लाखाच्या वर जातं, त्यामुळे एप्रिल उजाडला की ‘कर कापू नका’ असा फॉर्म द्यायचा. नाहीतर कर आमच्यावर लागत नसतानाही आधी कापला जातो आणि मग परताव्याची वाट बघत बसावं लागतं.

हे सगळं मांडताना एक गोष्ट माझ्या लक्षात आली, आणि माझ्या मते घर चालवायला ती सगळ्यात उपयोगाची ठरली. ज्येष्ठांच्या योजनेचं व्याज एप्रिल, जुलै, ऑक्टोबर आणि जानेवारीच्या पहिल्या तारखेला येतं. आणि आमचे मोठे खर्चही वर्षभर सारखे पसरलेले नसतात. एप्रिलमध्ये वर्षाचं धान्य आणि महापालिकेचा वेरा, म्हणजे घरपट्टी. वेरा आगाऊ भरला की सूट मिळते. पावसाळ्याच्या तोंडाशी गच्चीचं, गटाराचं काम. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये दिवाळी, तेलाचा डबा आणि विमा. जानेवारीत पुण्याला जाणं. तिमाहीचा पैसा महिन्याच्या खर्चात कधीच मिसळायचा नाही, त्याने फक्त मोठे खर्च करायचे आणि उरेल ते पुढच्या तिमाहीला ठेवायचं, असं ठरवलं. महिन्याचं घर पेन्शन आणि मासिक योजनेच्या पैशात, कमी पडेल तेवढं बँकेच्या व्याजातून आणि तिमाहीतल्या ठरलेल्या हिश्श्यातून. तेव्हापासून दिवाळीला मुदतठेव मोडावी लागलेली नाही.

गहू भरण्याची इथली रीत आम्ही मध्यंतरी सोडली होती. दोन माणसांना काय करायचंय, पाच किलोच्या आट्याच्या पिशव्या आणू, असं चाललं होतं. आता पुन्हा धरली. शेजारच्या दोन घरांबरोबर हाथीखान्याच्या धान्यबाजारातून एकत्र आणतो, टेम्पोचं भाडं वाटून घेतो. आम्हा दोघांना सहा मण पुरतात. इथला मण वीस किलोचा. गच्चीवर चादरी पसरून गव्हाला दोन ऊन दाखवायची, चाळून घ्यायचे, मग परातीत थोडे थोडे घेऊन दिवेल लावायचं. एरंडेल हातावर घेऊन दोन्ही तळव्यांनी गहू चोळत राहायचं, दाण्यादाण्याला चकाकी आली की पिंपात. एरंडेलाचा तो जड वास हाताला दोन दिवस राहतो. शेजारची सून पहिल्या वर्षी दिवेल फारच हात राखून घालत होती. तिला म्हटलं, “बेटा, इथे काटकसर नको, श्रावणात किडे दिसले तर सगळंच जाईल.” ती हसली आणि वाटी पुढे केली.

घंटीवरची दळणावळ धरून किलोमागे सहा-सात रुपये वाचतात, म्हणजे वर्षाला हजाराच्या आतच. फार नाहीत. पण वर्षभर गव्हाचा भाव काय झाला याकडे बघावं लागत नाही, याचं मला जास्त मोल वाटतं. डाळींचं मात्र असं करत नाही. डाळीचा भाव इतका वरखाली होतो की चढ्या भावात वर्षाची भरली तर नुकसान होऊन बसतं. ती महिन्याची महिन्याला. सिंगतेल नवा भुईमूग बाजारात आला की दिवाळीनंतर, एक डबा. फोडणीपुरतं ते, तळणाला कपासिया, म्हणजे सरकीचं तेल.

बाकी कपात किरकोळ. केबल बंद केली. वर्तमानपत्रं दोनाची एक, आणि हे आठवड्यातून तीन-चारदा मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत वाचायला जातात. सयाजीराव महाराजांनी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी उभारलेलं ते वाचनालय आमच्या उतारवयात असं कामी येतंय, याबद्दल मला मनापासून कृतज्ञता वाटते. पुण्याचा प्रवास वर्षातून दोनदाचा एकदा झाला. मार्च २०२० पर्यंत रेल्वेत ज्येष्ठ पुरुषांना चाळीस आणि स्त्रियांना पन्नास टक्के सवलत होती, ती बंद झाली ती अजून सुरू झालेली नाही. नातवंडांना भेटणं कमी झालं याचं मला दुःख आहे आणि ते कुठल्याही रकान्यात मांडता येत नाही.

एका रकान्याला मात्र आम्ही हात लावला नाही. घरकामाला येणाऱ्या बेन आमच्याकडे अकरा वर्षं आहेत. अनेकांनी सुचवलं की भांडी स्वतः घासा, तेवढेच पैसे वाचतील. माझ्या गुडघ्यांचा प्रश्न आहेच, पण खरं कारण ते नाही. जो गॅस मला महाग, तोच त्यांनाही महाग, आणि त्यांच्याकडे व्याजही नाही की पेन्शनही नाही. दरवर्षी दिवाळीला त्यांचे पैसे वाढवायचे हे आम्ही तिमाहीच्या पाकिटातच धरून ठेवतो. आपली महागाई त्यांच्या पगारातून भागवणं आम्हाला मान्य नाही.

देशभरातले ईपीएसवाले पेन्शनर वर्षानुवर्षं मागणी करतायत की किमान पेन्शन साडेसात हजार करा आणि तिला महागाई भत्ता जोडा. २०१४ पासून किमान आकडा हजारावर थांबलेला आहे. हे मोर्च्याला एकदा अहमदाबादला जाऊन आले, आता तब्येतीमुळे जाता येत नाही. पण सह्यांचा कागद आला की सोसायटीतल्या प्रत्येक जुन्या कामगाराकडे स्वतः घेऊन जातात.

सध्या आम्ही ज्या कामाला लागलोय ते मला जास्त निकडीचं वाटतं. या योजनेत नवऱ्याच्या माघारी बायकोला निम्मी पेन्शन मिळते, म्हणजे माझ्या वाट्याला अकराशे येतील. आकडा छोटा आहे, पण तो माझा हक्क आहे. यांच्या पेन्शनच्या आदेशावर माझं नाव माहेरचं पहिलं नाव आणि सासरचं आडनाव असं पडलेलं आहे, आणि आधारवर लग्नानंतर बदललेलं नाव, तेही गुजरातच्या रीतीने आडनाव आधी. पोस्टाची दोन्ही खाती दोघांच्या नावे आहेत, तिथे अडचण नाही. पेन्शनसाठी मात्र विवाह नोंदणीचा दाखला, राजपत्राची प्रत आणि दोघांचे एकत्र फोटो जोडून दुरुस्तीचा अर्ज तयार केलाय. हे हिंडते-फिरते आहेत तोवरच, स्वतः सही करू शकतात तोवरच ते व्हायला हवं. माझ्या ओळखीच्या ज्या बायकांचे नवरे अशाच कंपन्यांमधून निवृत्त झालेत, त्या सगळ्यांना मी आदेशाची प्रत काढून त्यावर स्वतःचं नाव कसं लिहिलंय ते बघायला सांगितलं आहे. तिघींच्या नावांत फरक निघाला. सोमवारी आम्ही चौघी आणि आमचे चौघे मिळून पीएफच्या कचेरीत जाणार आहोत.